पाक कधी उतरवायचा?

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी चिडलेला आहे. मला हात लावायला जाल तर हाती काही लागायचं नाही. मला डबा नाही, पंखा नाही, वायर नाही. मी दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात राहतो; इंग्रजीत मला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात.

२००८ साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात माझा जन्म झाला. विद्याश्री नावाच्या गडहिंग्लजकडच्या मुलीनं आपल्या कॉम्प्युटरची निम्मी मेमरी आणि थोडी जागा मला काढून दिली. त्या जागेत तिनं लिनक्स बसवलं, वेब सर्व्हर बसवला, डेटाबेस बसवला. साइट जगाला दाखवण्याआधी ती माझ्यावर चालवून बघायची, मोडायची, पुन्हा जोडायची. पहिलं पान उघडलं तेव्हा तिनं टेबलावर थाप मारली, "आला की रं बाबा!" एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

काम कोडोलीच्या गुऱ्हाळवाल्यांचं होतं. गूळ कसा करतात ते साइटवर लिहायचं होतं, आणि ते सांगायला आकाराम गुळवे आजोबा यायचे. साठ वर्षं उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीपुढं उभे राहिलेले. रोज एसटीनं यायचे, स्टुलावर बसून सांगायचे, आणि विद्याश्री थेट माझ्यात टाइप करायची. कागद नाही, वही नाही.

"पोरी, रसातली मळी वर यायला भेंडीचं पाणी किती घालायचं ते लिव्ह," आजोबा म्हणायचे. "पर पाक कवा उतरायचा, ते मन लावून लिव्ह. माझ्या पोरास्नीबी ते ठावं न्हाई."

अनंत चतुर्दशीला तिनं माझी नक्कल डीव्हीडीवर काढली. त्यानंतर आजोबांनी फक्त पाकाचंच सांगितलं. सांगून संपलं, आणि दोनच दिवसांनी त्यांना लकवा मारला. वाचा गेली ती गेलीच.

आता खरा राग ऐका. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरदार झाडतात, चांगली गोष्ट आहे. आमचे मालक हंबीरराव यांनी ऑफिस झाडलं, पंखे पुसले, तरी हौस फिटेना, म्हणून कॉम्प्युटर आतून झाडायला घेतले! विद्याश्री रजेवर होती. मी सगळा ज्या एका फाइलीत मावतो, ती भलीमोठी फाइल त्यांना दिसली. "मशीन म्हणं! दिसतंय कुठं? निस्ती अडगळ," म्हणाले, आणि मला कायमचं पुसलं. अहो, विचारायचं तरी एकदा! टेबलावरचा फोन काय शोभेला ठेवला होता?

विद्याश्री परत आली आणि थेट त्यांच्या टेबलापुढं उभी राहिली. "सर, दोन दिवस रजेवर गेलो काय, तुमी माणसाचं बोलणं झाडून टाकलासा!"

"आगं, नवं मशीन तयार कर की. तुला येतंय न्हवं?"

"मशीन करतो, सर. आजोबांची वाचा कुठनं आणू?"

हंबीरराव मग कॉम्प्युटरची कचरापेटी उघडून मला शोधत बसले. उपयोग काय?

मी आहे तो त्या डीव्हीडीवरून उठलेला. मधले पंधरा दिवस माझ्यात नाहीत. हे सगळं तिनं नंतर माझ्यात टाइप केलं म्हणून मला ठाऊक. आणि माझा राग तिच्यावरही आहे. पंधरा दिवसांत आणखी एक डीव्हीडी घालायला काय धाड भरली होती? ती स्वतःही हेच म्हणते.

मित्रांनो, डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका. पुसण्याआधी विचारा. आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं एकाच जागी ठेवू नका, मग ती जागा माझ्यासारखी शहाणी का असेना!

दसऱ्यानंतर विद्याश्री कोडोलीला जाऊन आली. आजोबांना विचारलं, "पाक?" त्यांना कळलं. आल्यावर तिनं पाकासाठी माझ्यात आधीच काढून ठेवलेलं कोरं पान उघडलं. वर मथळा होता, 'पाक कधी उतरवायचा?' त्याखाली तिनं लिहिलं ते अजून तसंच आहे:

'आजोबांनी दोन बोटांत गोळी वळल्यासारखं केलं आणि मान हलवली, नाही. पुन्हा तसंच वळलं आणि म्हणाले, हो. म्हणजे मानेनंच. दोन्हींत फरक काय, मला कळला नाही.'