खंडेनवमीचं बंद दार

साक्ष द्यायची म्हणजे खरं बोलायचं, एवढं मलाबी कळतं. पण खरं किती बोलायचं, ते कुणी सांगत नाय.

मी जयवंता. लोधिवलीत राहते, सत्तरी गाठलीय. त्या दिवशी संध्याकाळी माझी सून नम्रता हिनं मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "आई, पदर नीट घ्या. अमेरिका लागली." पडद्यावर मिल्का होती, माझ्या शेगुलाची पोर. शेजारी तिची लेक याएल नखं खात बसली होती. पोरीची हनुवटी बघितली आणि शेगुलाच बसलीय असं वाटलं मला.

शेगुला तुपगावकर माझी शेजारीण. भिंतीला भिंत, आणि ये-जा सगळी मागच्या दारानं. आमच्या आळीत इस्राएली, म्हणजे ज्यू लोकांचं, घर ते एकच. पूर्वी तेलाचा घाणा चालवायचे आणि शनवारी बंद ठेवायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. तिचा नवरा रसायनीला कारखान्यात होता. एक्क्याण्णव साली सगळे फिलाडेल्फियाला गेले. शेगुला तिकडंच वारली, तीन वर्षं झाली.

आता याएलचं तिथल्याच एका ज्यू मुलाशी ठरलंय. पण मुलाकडचा रब्बी, म्हणजे त्यांचा भटजीच म्हणा, अडून बसला. आईची आई ज्यू असली तरच पोर ज्यू, असा त्यांचा नेम. मराठी बोलणारे ज्यू त्यानं जन्मात पाहिले नव्हते. जुने कागद इथलं घर विकताना गहाळ झालेले. तर म्हणाला, गावात आजीला डोळ्यांनी बघितलेलं कुणीतरी आणा, नात्यातलं नको.

"मावशी, आता तुमच्यावरच हाय सगळं," मिल्का म्हणाली. एवढी वर्षं तिकडं राहून पोरगी 'हाय' म्हणते, मला भरूनच आलं.

मग रब्बी दिसायला लागला. तरणाच होता, लाल दाढी, चष्मा. तो इंग्रजीत विचारी आणि नम्रता मला मराठीत सांगे. त्यानं विचारलं, "शेगुलाबाई कशा राहायच्या?"

मैतरणीची तारीफ करायची तर हात आखडता कशाला घ्या? म्हटलं, "लाखात एक! अगदी आमच्यातलीच. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. माझ्या हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी हजर. परकी म्हणून वाटलीच नाय कधी."

रब्बीनं काहीतरी लिहून घेतलं. मिल्काचं तोंड एवढंसं झालं.

"आणि शनिवारी?"

"शनवारी चूल पेटवायची नाय. पण त्यात काय मोठं? शनवार आमचे मालकबी धरायचे, मारुतीचा."

नम्रतानं कपाळाला हात लावला. "अहो आई, तुम्ही त्यांना पार हिंदू करून टाकलंत!"

मेलं माझं तोंड! चांगलं करायला गेले आणि पोरीच्या लग्नात बिब्बा घातला. याएल खाली मान घालून बसलेली.

रब्बी माणूस शांत. त्यानं पुन्हा विचारलं, "ती तुमच्यापेक्षा वेगळी वाटली, असा एखादा दिवस आठवतो का?"

आठवतो का! छत्तीस वर्षं तो दिवस उरात घेऊन जगतेय मी. पण मेलेल्या माणसाचं उणं त्याच्याच पोरीपुढं कसं काढायचं? मग याएलकडं बघितलं आणि म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"वर्षातून एकदा त्यांचा दारफाळणीचा सण असायचा," मी सांगितलं. "आदल्या संध्याकाळी आंघोळी करून पांढरे कपडे घालायचे आणि दारं आतून बंद. दुसऱ्या दिवशी चांदण्या निघेपर्यंत अन्न नाय, पाणी नाय, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाय. त्या वर्षी तो सण खंडेनवमीला आला. आमचे मालक विळा-कोयत्याची पूजा मांडायला बसले, छातीत कळ आली आणि तिथंच गेले. मी धावत शेगुलाच्या मागच्या दारात गेले. दार बडवलं. शेगुले, माझे गेले गं, म्हणून ओरडले. तिनं दार उघडलं नाय. बांगड्या फुटल्या तेव्हा माझा हात धरायला आळीतल्या साऱ्या बाया होत्या. ती नव्हती."

हे इंग्रजीत सांगता सांगता नम्रता माझ्याकडंच बघायला लागली. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.

रब्बीनं तारीख विचारली.

"नऊ ऑक्टोबर एकोणनव्वद. दाखला हाय माझ्यापाशी."

त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. मग चष्मा काढून हळू आवाजात बोलला. नम्रतानं माझा हात दाबला. "तोच दिवस, आई. त्यांचा सगळ्यात मोठा उपास. ते म्हणतात, माझी खात्री पटली."

याएल उडी मारून आईच्या गळ्यात पडली. मिल्का मात्र हसली नाय. रब्बी गेला तशी ती पडद्याजवळ सरकली.

"मावशी, मी नऊ वर्षांची होते तेव्हा," ती म्हणाली. "तुमी दार वाजवलं तेव्हा आईचा हात कडीवरच होता. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव. ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडत राहिली. चांदण्या दिसल्या तशी भाकरी-पिठलं घेऊन तुमच्याकडं पळाली."

पळत आली होती, खरंय. पुढचं मी रब्बीला सांगितलंच नव्हतं. तिची चाहूल लागली आणि मी उठून मागच्या दाराला कडी घातली. जयवंते, जयवंते, म्हणत ती किती वेळ उभी होती! पुढं दोन वर्षं मी ते दार तिच्यासाठी उघडलं नाय. ती अमेरिकेला निघाली त्या दिवशी मुद्दाम माथेरानला भावाकडं जाऊन बसले.

"त्या सणाचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण, लोकांना भेटायचा दिवस," मिल्का सांगत होती. "दरवर्षी त्या दिवशी आई फिलाडेल्फियातल्या आमच्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवायची. लोक डोकावून बघायचे, वॉचमन तक्रार करायचा, आमी चिडायचो. ती म्हणायची, राहू द्या गं, जयवंता येईल."

मला हुंदकाच फुटला. तिनं दार लावलं ते देवासाठी, एका दिवसापुरतं. माझ्या कडीमागं कुठला देव होता?

"आई, ठेवू का फोन?" नम्रतानं विचारलं.

"थांब गं." मी डोळे पुसले. "याएल, लग्न झालं की नवऱ्याला घेऊन ये. आणि ये ती मागच्या दारानं ये."

आमच्या मागच्या दाराला कैक वर्षं भाताची पोती लावून ठेवलीत. फोन बंद झाल्यावर मी पदर खोचला आणि नम्रताला म्हटलं, "चल, हात लाव."