काचेतला राखणदार

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे काचेच्या गोळ्यावर खिळले होते, आत जांभळ्या विजा वळवळत होत्या. तेजोनाथबाबांनी म्हणे वाडीचा राखणदार देवच त्यात आणून बसवला होता. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना जास्वंदीची फुलं ठेवली होती. उजेड उजव्या फुलाकडे धावला तर होकार, डाव्या फुलाकडे धावला तर नकार. पाषाणाला फुलं लावून पिढ्यान् पिढ्या कौल घेणाऱ्यांना त्यात वावगं ते काय वाटणार?

अक्षया दापोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. धाकट्या भावानं, शिवानं, कौल घेऊन लेकीचं इन्सुलिन बंद केल्याचं कानावर येताच ती मिळेल त्या एसटीनं आली. दहा वर्षांची आरोही ओकून ओकून गळाली होती, आईच्या मांडीवर धापा टाकत होती. आणि शिवा विचारत होता, पोरीला दवाखान्यात न्यावं की नको.

"अंगातली आग बाहेर पडते आहे. राखणदार समर्थ आहे," गोळ्यामागच्या काळ्या पडद्याशेजारी बसलेले बाबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा," मांडव गरजला. विजा डावीकडे वळल्या.

अक्षयानं तो पडदा ओढला. बाबांचा तळवा काचेला डावीकडून चिकटलेला होता. तो त्यांनी झटकन मागे घेतला. मग तिनं उजवीकडे आपला हात टेकवला. राखणदार मुकाट्यानं तिच्याकडे आला.

"असाच गोळा आमच्या शाळेच्या कपाटात आहे, शिवा. आत विरळ वायू असतो. विजेच्या रेट्यानं त्याचे कण एकमेकांवर आपटतात, तुटतात, पुन्हा जुळतात, त्यातून उजेड पडतो. हात लावशील तिकडं विजेला वाट सोपी होते. आपल्या पोरीचं त्याला काय कळणार?"

तिनं पिन उपटली. राखणदार विझला.

"ताय, मी काय करून बसलो गो?" म्हणत शिवानं पोरीला उचललं. दवाखान्यात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं, पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी आरोही गेली.

बाबा गोळा घेऊन केव्हाच पसार झाला. त्याला कोणी बोल लावला नाही. बाराव्याला पानावर बसलेली माणसं कुजबुजत होती, मास्तरीणबाईंनी कौलात हात घातला, म्हणून राखणदार कोपला. अक्षयाला संताप अनावर झाला. पण ती तोंड उघडणार तोच वाढायला उभा असलेला शिवा बोलला.

"कोणी कोपला नाय. मी सुई बंद केली, म्हणून माझी पोर मेली. तुमच्या घरात कोण आजारी पडला तर डाक्तरला इचारा. आणखी कोणाला इचारू नका."