सुभेदारानं थुंकलेली अळी

केवळाबाईचा कोंबडा काय काय खातो हे सांगत बसलं, तर मुखेडची शेवटची एसटी निघून जाईल. विंचू तो नांगीकडून सुरू करायचा. घोण म्हणजे त्याची शेवई. एकदा गावात आलेल्या कुण्या साहेबाच्या जीपचा नट त्यानं गिळला, आणि ती जीप कंधारपर्यंत नुसती उतारावरच चालली, असं केवळाबाई सांगायची. चढावर काय झालं म्हणून कुणी विचारलंच तर शांतपणे म्हणायची, "चढावर साहेब ढकलत व्हता."

कोंबड्याचं नाव सुभेदार. निजाम गेला, सुभे गेले, पण बोरवाडीच्या उकिरड्यावर या एका सुभेदाराचा अंमल चालूच होता.

बोरवाडी ओढ्याच्या अलीकडं, नांदेड जिल्ह्यात. पलीकडच्या काठावर बसलिंगप्पाचं शेत. ते कालपरवापर्यंत उस्मानाबादेत होतं. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि बसलिंगप्पाची मान वीतभर लांब झाली. ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता, त्यामुळं जिल्हा कुठं संपतो ते मेंढरांना कळत नव्हतं. बसलिंगप्पाला मात्र बरोबर कळायचं.

"केवळाबाई, हिकडं पाय ठिवताना झाडून ठिवा. नवा जिल्हा हाय."

"झाडते की अप्पा. पाऊस मातर दोन्ही जिल्ह्यांस्नी सारखाच इसरला."

हे खरं होतं. त्या साली आभाळानं मराठवाड्याकडं पाठच केली होती. आणि बसलिंगप्पाच्या दावणीला होता शंभू, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला देवणी वळू. नव्या जिल्ह्याचं पहिलं जनावरांचं प्रदर्शन लातुरात भरणार होतं आणि शंभू तिथं मिरवणार, हे बसलिंगप्पानं उदगीरपर्यंत सांगून ठेवलं होतं. पण कडबा संपला. शंभूच्या बरगड्या दिसायला लागल्या.

हिरवं होतं ते एकच. बसलिंगप्पाच्या माळावर खुळखुळा माजला होता. शेंगा वाळल्या की पोराच्या खुळखुळ्यासारख्या वाजतात, तेच ते झुडूप. शंभू त्याला हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. म्हणून बसलिंगप्पानं युक्ती काढली. खुळखुळा बारीक तोडायचा, वर गुळाचं पाणी शिंपडायचं. गुळावर तर जावईसुद्धा रुसवा सोडतो, वळू काय चीज. अडचण एवढीच, की झुडपांवर अळ्या लगडल्या होत्या. काळ्या अंगावर पांढऱ्या रेघा, मधे नारंगी ठिपके. जशी काय जरीकाठाची लुगडी नेसून लग्नाला निघाल्यात.

"तुमच्या सुभेदाराला धाडा की," बसलिंगप्पा ओढ्यापलीकडून म्हणाला. "एवढ्या अळ्या साफ केल्या तर मानीन. न्हाईतर जीपची गोष्ट पुन्यांदा सांगू नका."

केवळाबाईनं पदर खोचला, सुभेदाराला काखेत मारलं आणि ओढा ओलांडला. मागं निम्मी बोरवाडी.

"माझ्या अंगाला लागू देऊ नका त्येला, सोमवार हाय," म्हणत बसलिंगप्पा दोन हात मागं सरकला. गुळाचं पाणी बादलीत तयार होतं. शंभू दाव्याला हिसके देत होता.

सुभेदार झुडपाखाली उतरला. मान तिरकी केली. एक अळी टिपली.

आणि थुंकली.

चोच मातीत घासली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. केवळाबाईनं दुसरी अळी पुढं ढकलली. सुभेदार उठला आणि बाभळीच्या सावलीत जाऊन पाठमोरा बसला.

हसण्याचा असा गलका उठला की नांदेडातली कुत्री लातुरात भुंकायला लागली.

केवळाबाईचा चेहरा उतरला. बसलिंगप्पाला तिची दया आली. "असू द्या माय," तो म्हणाला. "शेवटी आमच्या शिवेत आला. सोमवार धरला आसंल त्येनं. अळ्या मी झटकून टाकतो."

मोठी छान पळवाट होती. हो म्हटलं असतं तर सुभेदाराचा उपास गावभर गाजला असता, जीपच्या वरताण. केवळाबाईच्या ओठावर ते हो आलंही होतं. पण तिची नजर झुडपांवर फिरत होती. दुष्काळात साळुंक्या माणसाच्या हातातली भाकर पळवायला लागल्या होत्या. आणि इथं भर उन्हात, एवढी भडक अळी शेंड्यावर बसून चरते, तिला एक पाखरू शिवत नाही. अळी खाते काय, तर खुळखुळा. नुसता खुळखुळा. मग तिच्या अंगात दुसरं काय असणार?

बसलिंगप्पानं कोयता उचलला.

"अप्पा," केवळाबाई म्हणाली, "सोमवार न्हाई आन् काही न्हाई. मपला कोंबडा हरला."

हसणं थांबलं.

"काय म्हंता?"

"हरला म्हणते. जे खाऊन ही अळी वाढली, ते त्येला पचंना. ते वळूला घालू नका."

बसलिंगप्पानं कोयता खाली ठेवला. केवळाबाईच्या शब्दावर त्यानं आजवर दाणाभर विश्वास ठेवला नव्हता. पण ही बाई सासऱ्यापुढं हरली नव्हती, तलाठ्यापुढं हरली नव्हती, देवीच्या साथीपुढंसुद्धा हरली नव्हती. ती चारचौघांत हरले म्हणते, म्हणजे माळावर नक्कीच काहीतरी वाईट आहे.

"मग खाऊ काय घालू?"

"माझ्या छपरावर जुना कडबा हाय. वरून काळा पडलाय, आतून बरा निघल. त्याच्यावर शिंपडा गूळ. पण एक अट हाय." ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. बसलिंगप्पानं कपाळाला हात लावला, पण मान हलवली.

पुढं बोरवाडीतल्याच निवृत्तीच्या कालवडीनं ते खरं करून दाखवलं. ती बरेच दिवस त्याच माळावर चोरून चरत होती. खाणं सोडून भिंतीला डोकं लावून उभी राहायला लागली. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, खुळखुळ्यानं हिचं यकृत नासवलंय. अळी तेच विष पोटात साठवते आणि पाखरांना कळावं म्हणून रंग मिरवते. पतंग झाली तरी विष सोडत नाही. "कोंबड्यानं खाल्ली नाही ते बरं केलं," ते म्हणाले.

"शिकलेला हाय तो," केवळाबाई म्हणाली.

छप्पर संपलं, पण शंभू उभा राहिला. लातुरात पहिला आला. गळ्यात लाल फीत पडली. माइकवर साहेबानं विचारलं, एवढ्या दुष्काळात हे जनावर राखलं कसं?

बसलिंगप्पानं टोपी सारखी केली. साऱ्या नव्या जिल्ह्यासमोर, अटीप्रमाणं, तो म्हणाला, "नांदेड जिल्ह्यातल्या एका कोंबड्याच्या सल्ल्यानं."

पुढच्या रांगेत, सुभेदाराला मांडीवर घेऊन, केवळाबाई तहसीलदारणीसारखी बसली होती. फोटो काढायला तिला शंभूशेजारी उभं केलं. फोटोवाला तयार होईतो शंभूच्या गळ्यातली फीत नाहीशी झाली. सुभेदाराच्या चोचीतून लाल टोक तेवढं लोंबत होतं; बघता बघता तेही आत गेलं.

"बगा," केवळाबाई म्हणाली, "खायाजोगं आसलं की खातोच तो."