आपली बाजू कोणती

सुभाषराव गेल्यापासून त्यांचा अस्थिकलश मुलाच्या, प्रणयच्या, इंग्लंडमधल्या रीडिंगच्या घरात बुद्धमूर्तीशेजारी होता. त्यांच्या पत्नीला, सिंधुबाईंना, तो गावी न्यायचा होता. आपली सगळी माणसं तिथंच आहेत, हे त्यांचं म्हणणं. प्रणय ऑफिसात अख्खी टीम हलवतो, आईपुढे मात्र त्याचा आवाज नोटीस पिरियडवर असतो. या वेळी तो अडून बसला. गावात आपल्या लोकांचं स्मशान अजून ओढ्यापलीकडे वेगळंच आहे, बाबांना परत तिथं नेणार नाही, एवढंच तो म्हणे.

शेवटी रचनानं, सुनेनं, दोघांना गाडीत घातलं आणि विल्टशरला आणलं. तिथं एका शेतकऱ्यानं पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांसारखं नवं थडगं बांधलंय. बाहेरून गवताची टेकडी, आत दगडी बोळ, दोन्हीकडे खोल्या, भिंतींत कोनाडे. कोणीही आपल्या माणसाची राख ठेवावी.

देखरेखीच्या बाई, मार्गरेट, मेणबत्ती घेऊन पुढं चालल्या. जुन्या थडग्यांत बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली सापडतात, असं सांगत होत्या. सिंधुबाईंनी शालीतला कलश सावरला.

"प्रणय, विचार त्यांना. आपली बाजू कोणती?"

प्रणय थबकला. मग त्यानं मार्गरेटना इंग्लिशमध्ये रिकामा कोनाडा कुठला, असं विचारलं.

"मी हे नाही विचारलं."

इतकी वर्षं लंडनच्या वेम्बलीत काढलेल्या बाईला इंग्लिश कळतं, हे मुलं सोयीनं विसरतात. प्रणयनं मान खाली घालून खरा प्रश्न विचारला. मार्गरेट गोंधळल्या. म्हणाल्या, "कसली बाजू?"

सिंधुबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही भिंती त्यांनी अशा न्याहाळल्या, जणू फ्लॅट बघायला आल्यात. मधल्या खोलीतला एक कोनाडा पटला, पण आधी शेजार कळायला हवा होता. एकीकडे बस चालवणारे गृहस्थ निघाले, दुसरीकडे शाळेतल्या बाई.

"चालेल. ह्यांना बोलायला माणूस लागतं."

मेणबत्तीच्या उजेडात तिघांनी त्रिशरण म्हटलं. प्रणयचा आवाज मध्येच तुटला, पुढचं आईनं पूर्ण केलं. रचना कलश घ्यायला पुढं झाली, तर सिंधुबाईंनी तो स्वतःच आत ठेवला, अगदी मधोमध. मग हात घालून कडेला सारला.

"अहो, जरा सरकून बसा," त्या म्हणाल्या. "मला जागा ठेवा."