बीकरमधली पिलं

त्या औषधाला गुलाबाचा वास होता. गुलाबाचा म्हणजे, ज्याने जन्मात गुलाब हुंगला नाही अशा माणसाने ऐकीव माहितीवर बनवलेला. फरशी पुसायचं ते गुलाबी, तेलकट पाणी प्रयोगशाळेत आलं त्या दिवसापासून भाचीच्या केसांना, ओढणीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा तोच वास यायला लागला होता. तापातून उठून ती आज कामावर आली आणि दार उघडताच तिने आधी खिडकी सताड उघडली.

प्रयोगशाळा मामांची. दोन खोल्या, एक बेसिन, भिंतभर बरण्या. आईवडील गेल्यावर मामांनीच तिला लहानाची मोठी केली आणि हाताला धरून हे काम शिकवलं. येणारेजाणारे सगळे तिला भाचीच म्हणत, टपालवालासुद्धा.

काम पाणपिसवांचं. पाणपिसू म्हणजे कोळंबीची लांबची, टाचणीच्या डोक्याएवढी बहीण. डबक्यात टुणटुण उड्या मारत पोहते. नवं औषध आलं की ते पाण्यात कमीजास्त मिसळून बीकर भरायचे, एका बीकरात निव्वळ स्वच्छ पाणी ठेवायचं, प्रत्येकात पाणपिसवा सोडायच्या आणि दोन दिवसांनी बीकर हलकेच फिरवून बघायचं, कोण पोहतंय आणि कोण तळाशी पडलंय. कडक नियम एकच. पाणपिसू जन्मून एक दिवस उलटलेला नसावा. कोवळं पिलू ज्यात तगतं, ते पाणी ओढ्यात गेलं तरी फारसं बिघडत नाही. "मोठं जनावर काय, काहीही पचवतं. पुढाऱ्यासारखं," असं मामाच तिला शिकवताना म्हणाले होते.

औषधाच्या कारखान्याचा मालक मामांचा जुना मित्र. चाचणी पास झाली की टाक्या धुतलेलं पाणी मागच्या ओढ्यात सोडायला त्याला रान मोकळं. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती होती, तिथली मुलं दिवसभर त्याच पाण्यात डुंबत. भाचीला नेमका ताप भरला तेव्हा मामा म्हणाले होते, "तू पडून राहा, चाचणी मी लावतो." मामांच्या हाताला चूक ठाऊक नव्हती. ती निर्धास्त झोपली.

आज तिने एकेक बीकर फिरवून बघितला. सगळ्या पोहत होत्या. सगळ्यांत कडक पाण्यातसुद्धा ठणठणीत. तिला आधी हायसं वाटलं, मग नवल वाटलं, आणि मग बीकर उजेडात धरल्यावर तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाणपिसवा चांगल्या भरलेल्या, गरगरीत होत्या. तळाशी पांढुरकी भुकटी साचली होती. तिने त्यातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

भुकटीला डोळे होते. एकेका कणाला काळा ठिपक्याएवढा डोळा, आणि अंगाशी दुमडलेले, कधी न उघडणारे हात. ती पिलं होती, गुलाबी पाण्यात जन्मली आणि तिथंच मेली. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आया खुशाल उड्या मारत होत्या. स्वच्छ पाण्याच्या बीकरातही पिलं झाली होती, पण ती सगळी जिवंत होती, इकडून तिकडे गोते खात होती.

जन्मून एक दिवस झालेल्या पिलाला दोन दिवसांत पिलं होत नाहीत, हे कळायला शास्त्र शिकावं लागत नाही.

मामा काडीने दात कोरत आत आले. "काय म्हणताहेत मंडळी?"

"मामा, ही जनावरं मोठी आहेत."

"असतील जराशी."

"जराशी? व्यालीत ती!"

काडी थांबली. मामा वाकले, बीकरात डोकावले आणि जीभ टाळूला लावून च् च् केलं. "अंडी नसलेल्याच निवडून घेतल्या होत्या गं मी. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण मामा खरोखरच चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. खोटेपणाचं त्यांना काही नव्हतं, निवड चुकली याचीच काय ती हळहळ.

"ओढून घे ती पिलं," ते ड्रॉपर पुढे करत म्हणाले. "त्याचा फोन येईल इतक्यात."

"आणि ओढा?"

"ओढ्यात काय आज अमृत वाहतंय? धर."

इतक्या वर्षांच्या सवयीने तिने ड्रॉपर घेतला. हातानेही सवयीने काम केलं. एकाही आईला धक्का न लावता तिने पहिल्या बीकरातली मेलेली पिलं ओढली आणि बेसिनमध्ये सोडली.

"शाब्बास," मामा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी निघायचा. तो ऐकून तिला बरं वाटलं. खरंच, पोटातून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला अशी किळस आली की ती तशीच बेसिनवर वाकली आणि भडाभडा ओकली. मामांची, मालकाची, त्या गुलाबाची शिसारी एकीकडे आणि ही स्वतःची एकीकडे.

फोन वाजला. मामांचा हात पोचायच्या आत तिने तो उचलला.

"काय मग, पास ना?" पलीकडून मालक.

"चाचणी बाद आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "जनावरं मोठी घातली होती. जी पिलं तुमच्या औषधात जन्मली ती सगळी मेलीत."

पलीकडून, "मामांना द्या जरा."

मामांनी फोन घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. आता ही गप्प बसायची नाही, हे त्यांना कळून चुकलं असावं. पुढच्याच क्षणी ते मधाळ आवाजात बोलायला लागले. "हो रे, बाद झाली खरी. काय सांगू, पोरीने घोळ घातला. मोठी जनावरं टाकून बसली. बजावलं होतं ना, पण हल्लीच्या पोरींचं लक्ष कुठे असतं? हो, हो, मी बघतो." आणि हसले. मालकही हसला असावा.

उलटीला आता तिच्या पोटात काही उरलं नव्हतं.

"पुन्हा लाव," फोन ठेवून मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

तिने चूळ भरली, हात धुतले, जनावरांची बरणी खिडकीपाशी नेली आणि आज सकाळी जन्मलेली पिलं एकेक करून वेचायला बसली. थोड्या वेळाने मामा दुसरा ड्रॉपर घेऊन मदतीला शेजारी येऊन बसले.

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली.