काचेची भट्टी

भट्टीकाकांनी पाव भाजणं सोडलं, पण भट्टी काही त्यांना सोडेना. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी काचघर उभं केलं आणि तेही भट्टीसारखंच चालवायला घेतलं.

काचघराच्या खिडक्या मेहुण्याने आणून दिल्या होत्या. मेहुण्याचा धंदाच खिडक्या बसवण्याचा, त्यामुळे लोकांनी काढून टाकलेली तावदानं त्याच्याकडे ढिगाने पडून असायची. त्याने छपराला दोन झडपा ठेवल्या, सरकतं दार बसवलं आणि जाता जाता सांगितलं, "भाऊजी, थंडी पडली तरी दुपारच्या वेळी झडपा उघडायच्या बरं का. आत ओल कोंडली की सगळं नासतं."

"हो हो," काका म्हणाले. भट्टीचं दार वेळेआधी उघडणाऱ्याच्या पाठीत ज्या माणसाने जन्मभर धपाटे घातले, त्याचं हे 'हो हो' कितपत धरायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, हे काचघर काही म्हातारपणची हौस नव्हती. ते होतं काकूंच्या नाकासाठी.

बेकरीत काका आत भट्टीपाशी असायचे आणि काकू बाहेर गल्ल्यावर. पिठाने आणि धुराने काकांचं नाक ऐन तरुणपणीच निकामी झालं होतं. ही गोष्ट त्यांनी जगापासून लपवली, पण बायकोपासून कुठली लपायला? काकूंनी एक शब्द न बोलता आपलं नाक कामाला लावलं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या आणि आत हाक द्यायच्या, "काढा आता." काका काढायचे आणि पाव हवा तसा तांबूस निघायचा. कधी कधी तर "खालची रांग, उजवीकडची, काढा आधी," इतकं नेमकं सांगायच्या, तेही पाठमोऱ्या बसून. लोक काकांच्या हाताची तारीफ करत. हात काकांचाच होता, त्यात खोटं नाही. नाक मात्र काकूंचं होतं.

मागच्या थंडीत काकूंना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. बरं वाटू लागल्यावर त्या पुन्हा गल्ल्यावर बसल्या, तर पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, आत काहीतरी जळतंय." आपल्या नाकाखाली भट्टी जळावी आणि ते परक्याने येऊन सांगावं, हे काकूंच्या मनाला फार लागलं. अशा आणखी काही रांगा कोळसा झाल्यावर काकांनी बेकरी पुतण्याच्या हवाली केली. पुतण्याने मशीन आणलं. त्याला वेळ झाली की घंटी वाजते.

काकू घरी बसल्या. जेवण त्यांना मातीसारखं लागायचं. नाकावर माशी न बसू देणारी ही बाई आता मीठ कमी पडलंय की जास्त, हेही विचारेनाशी झाली. काकांना सगळ्यात जास्त भीती या गप्प बसण्याची वाटायची.

डॉक्टर म्हणाले, "ओळखीचे वास रोज द्या. डोळे मिटायला सांगा, नाव सांगा, आठवू द्या. कदाचित परत येईल वास." यातलं 'कदाचित' तेवढं काकांनी ऐकलं नाही. त्यांनी पुदिना लावला, कोथिंबीर लावली, शेपू लावला. शेपूवर त्यांची मोठी मदार होती, कारण शेपू ज्याला नको असतो त्यालाही तो लांबूनच कळतो. शिवाय भाजीला पालक आणि कडेला टोमॅटो.

पानगळ सुरू झाली. पिवळी पानं काचेवर येऊन चिकटायची, काका ती लांब काठीच्या झाडूने उतरवायचे आणि आलेलं ऊन आत घ्यायचे. ऊन कलायच्या आत दार बंद, झडपा बंद, फटींमध्ये पिठाची रिकामी पोती. पुढे पुढे तर झडपा दिवसाही उघडेनात. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ वाहायचे आणि काका खूश होऊन म्हणायचे, "ऊब धरलीय." जित्याची खोड, दुसरं काय!

रोज सकाळी चहाच्या आधी काकू स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसायच्या. काका पान चुरडून त्यांच्या नाकाशी धरायचे.

"शेपू."

"हं. येतोय थोडासा."

"हा पुदिना."

"हो, हाही येतोय."

काकांचा दिवस सोन्याचा व्हायचा.

मग एका सकाळी काचघरातल्या दमट हवेने त्यांचा चष्मा धुरकटला. त्यांनी चाचपडतच पान खुडलं, घरात आले आणि नाकाशी धरून म्हणाले, "पुदिना."

"आज चांगलाच येतोय हो," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसून हाताकडे पाहिलं. पालकाचं पान होतं.

पालकाला कसला आलाय वास? काकांनी पान गुपचूप खिशात टाकलं आणि चहा मागितला. बायको खोटं बोलली याचा त्यांना राग आला नाही. आपला चेहरा पडू नये म्हणून ती इतके दिवस डोळे मिटून 'हो' म्हणत होती, याचं त्यांना वाईट वाटलं. ताकास तूर लागू न देता ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पान घेऊन गेले, तिनेही पुन्हा "हो" म्हटलं. दोघंही एकमेकांना जपत होती. पण आता एक नवाच घोर काकांच्या जिवाला लागला. उद्या तिला खरोखर वास आला तरी ती 'हो'च म्हणणार. मग आपल्याला कळायचं कसं? आणि थंडी वाढून ही रोपं गेली, तर पुढच्या ऋतूपर्यंत तिच्या नाकाशी धरायचं तरी काय? म्हणून त्यांनी दाराच्या फटीत आणखी एक पोतं कोंबलं.

त्यानंतर आभाळ भरून आलं आणि ऊन दिसेनासं झालं. काका काचघर आणखीनच घट्ट बंद करून आत बसू लागले. अशाच एका सकाळी ते टोमॅटोची वाळकी पानं काढत असताना दार सरकलं. काकू होत्या. काकू काचघरात सहसा येत नसत. इतक्या हिरवाईत उभं राहून काहीच न कळणं त्यांना सोसायचं नाही.

"अहो, चहा निवतोय, चला ना..." एवढं बोलून त्या मध्येच थांबल्या. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "काहीतरी कुजलंय इथे."

"काही कुजलेलं नाही. सगळं हिरवंगार आहे."

"खालच्या फळीवर बघा. उजवीकडे. काढा ते आधी."

काकांचा हात डोक्याच्या आधी हलला. वर्षानुवर्षांची सवय ती. खाली वाकून त्यांनी शेपूचा झुबका बाजूला केला. वरून टवटवीत दिसणाऱ्या शेपूचे देठ तळाशी काळे पडले होते, त्यांच्यावर राखाडी बुरशी चढली होती आणि खाली नुसता चिखल झाला होता. हाताला तो गिळगिळीत लागला. नाकाला मात्र काही नाही. काकांच्या नाकाला कधीच काही लागत नसे.

मग ते जागच्या जागी थबकले.

सुगंधाचं खोटं माणूस मायेपोटी बोलतं. कुजल्याचं खोटं कोण कशाला बोलेल?

मूठभर चिखल घेऊन ते उठले आणि तो काकूंसमोर धरून म्हणाले, "हेच ना?"

"शी. लांब धरा ते," काकू मागे सरकल्या. आणि मग त्यांचा हात सावकाश वर आला आणि स्वतःच्याच नाकापाशी थांबला.

काकांना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. डोळे पुसायला हात वर नेला, तर हातात तो चिखल.

"थांबा," म्हणून काकूंनी पदराने त्यांचा चेहरा पुसला.

काकांनी दुसरा हात स्वच्छ करून पुदिन्याचं पान खुडलं, चुरडलं आणि पुढे केलं. काकूंनी डोळे मिटले नाहीत. काकांकडे बघतच त्यांनी लांब श्वास घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "याचा नाही येत. कधीच आला नव्हता."

"माहीत आहे मला."

"मग रोज कशाला आणत होतात?"

"तू 'हो' म्हणायचीस ना, म्हणून."

काकू हसल्या. काकांनी फटींमधली पोती ओढून काढली, दोन्ही झडपा वर केल्या आणि दार पुन्हा सरकू नये म्हणून त्याला वीट लावली. बाहेरचा गार वारा पानांतून फिरला.

"उद्या पुन्हा आणा पुदिना," काकू म्हणाल्या. "नाही आला, तर नाहीच म्हणेन."