ठरेपर्यंत कुणाला सांगू नको

स्नेहलने खोलीत पाऊल टाकताच सायलीने घाईने लॅपटॉप मिटला, आणि स्नेहलच्या मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुकली. इंदिरानगरच्या या खोलीत दोघी पहिल्यापासून एकत्र राहिल्या. एकाच सरांच्या हाताखाली साठवणीतल्या कांद्याच्या सडीवर पीएचडी केली. आणि आता ही बया फोन आला की गच्चीवर पळते. विचारलं तर म्हणते, घरचा होता. घरच्यांशी इंग्रजीत बोलतात वाटतं.

तशी स्नेहलही कुणाला ताकास तूर लागू देत नव्हती. नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात कांद्यावरच्या बुरशीच्या अभ्यासासाठी पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा निघाली होती. अशा जागा जगात निघतात तरी किती? तिने गुपचूप अर्ज केला. नांदगावहून आईने, बायडाबाईने, फोनवर बजावलं होतं, "पक्कं होईस्तोवर कुणाला बोलू नको. लय नजर लागती लोकांची." बरेच दिवस काहीच उत्तर आलं नाही, आणि मग अचानक मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखत तिने अंबडला भावाच्या खोलीवरून दिली. सायलीला सांगितलं, नांदगावला चाललेय. पडद्यावरच्या प्राध्यापक बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सायलीबरोबर तुम्ही काम केलंय. कशी आहे कामाला?"

म्हणजे हिनेही अर्ज केलाय तर. आपली शंका खरी ठरली याचा स्नेहलला चक्क आनंद झाला, आणि त्या भरात ती बोलून गेली, "हुशार आहे. पण तिचं लग्न ठरलंय. संशोधन सोडणार म्हणते." बाईंनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी ती परतली तर सायली पेढ्यांचा पुडा उघडून बसलेली.

"कशी झाली मुलाखत?"

"तुला कोणी सांगितलं?"

"इस्त्रीचा कुर्ता घालून कोण जातं गं नांदगावला?" सायली हसली. "माझी मागच्या आठवड्यात झाली. दोन जागा आहेत. दुसरीसाठी कुणी माहितीतलं आहे का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, स्नेहलचा अर्ज आलेलाच असणार, तो आधी बघा."

"मग मला बोलली का नाहीस?"

"आई म्हणाली, ठरेपर्यंत कुणाला सांगू नको. पण आता दोघींच्याही मुलाखती झाल्या, तोंड गोड कर." तिने पेढा पुढे केला. "माझ्याबद्दल विचारलंच असेल. काय सांगितलंस?"

काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. पण हातातल्या पेढ्याकडे बघून स्नेहलला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मी म्हणाले, तुझं लग्न ठरलंय. संशोधन सोडणार आहेस म्हणाले."

सायलीने आवाज चढवला नाही. पुड्याला रबर लावलं आणि स्नेहलचा लॅपटॉप आणून तिच्यापुढे ठेवला.

"मी खोटं बोलले, असं बाईंना कळव. आत्ता, माझ्यासमोर."

हा मेल गेला की आपली जागाही गेली, हे स्नेहलला कळत होतं. तरी तिने तो लिहिला.

"पाठवला," ती म्हणाली.

सायलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि खरंच गेलाय का ते बघितलं.